खुबा बदलला, आता चाल कशी येईल?

वाचकांचे प्रश्न

खुब्याचं ऑपरेशन ठरलं की घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा ‘कुठला सांधा चांगला’ हा. या महिन्याच्या पत्रांत दुसराच जास्त होता. उत्तरं एका अस्थिशल्यविशारदांनी आणि एका फिजिओथेरपिस्टनी मिळून दिली आहेत. तीन शब्द पुन्हा पुन्हा येतील. वाटी म्हणजे कमरेच्या हाडातली खोलगट जागा. गोळा म्हणजे मांडीच्या हाडाचं त्या वाटीत फिरणारं टोक. दांडा म्हणजे मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवतात तो धातूचा भाग. वाटीसकट सगळं बदललं की ‘पूर्ण सांधा’. वाटी मूळचीच ठेवून गोळा आणि दांडा बदलला की ‘अर्धा सांधा’.

प्रश्न : माझं वय ५८. झिजेमुळे उजवा खुबा बदलायचा ठरला आहे. एक डॉक्टर समोरून ऑपरेशन करतात आणि म्हणतात, दोन आठवड्यांत काठी सुटेल. दुसरे मागून करतात. चाल कशाने चांगली येते? (एक वाचक, सातारा)

पहिला महिना समोरून केलेल्यांचा थोडा बरा जातो. तीन महिन्यांनी दोघांना शेजारी शेजारी चालवलं तर कोणाचं कुठून केलंय हे बहुधा ओळखता येत नाही. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत समोरून केलेल्यांचे वॉकर-काठी असे सगळे आधार सरासरी १७व्या दिवसाच्या आसपास सुटले, मागून केलेल्यांचे २४व्या दिवसाच्या आसपास. दोन महिन्यांनी मोजलं तेव्हा फरक उरला नव्हता. म्हणजे प्रश्न एका आठवड्याचा आहे. तो आठवडा तुमच्यासाठी किती मोलाचा, हे तुम्ही ठरवा.

फरक पडतो तो वाटेत कुठले स्नायू लागतात त्यामुळे. समोरून जाताना दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून सांध्यापर्यंत पोचता येतं, मोठं काही कापावं लागत नाही. मागून जाताना बुडाचा मोठा स्नायू त्याच्या तंतूंच्या दिशेने फाकवतात, त्याखालचे पाय बाहेर वळवणारे छोटे स्नायू हाडावरून सोडवतात आणि शेवटी पुन्हा शिवतात. तिसरी वाट बाजूने. तिच्यात खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा, पँटच्या बाजूच्या खिशाखाली येतो तो स्नायू अर्धवट सोडवून परत बसवतात. त्याचं नाव ग्लुटियस मीडियस. इथे आपण त्याला ‘बाजूचा स्नायू’ म्हणू. एका पायावर उभं राहताना कंबर सरळ धरतो तो हाच. त्यामुळे लंगडत राहण्याची तक्रार बाजूच्या वाटेने केलेल्यांत जास्त दिसते. शिवलेला भाग नीट जुळला नाही किंवा त्या स्नायूची नस ताणली गेली, तर चाल लवकर सुधारत नाही.

प्रत्येक वाटेचं काहीतरी देणं असतंच. समोरून केलं तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला हातभर पट्टा बधिर राहू शकतो. पोट सुटलेलं असेल तर पोटाची घडी नेमकी जखमेवर येते आणि जखम ओली राहते. हात बसलेला नसलेल्या सर्जनकडून दांडा ठोकताना हाडाला चीर जाण्याचा धोकाही असतो. मागून केलं तर सांधा मागच्या बाजूला निखळण्याची धास्ती पहिले सहा आठवडे जास्त. बाजूने केलेला सांधा निखळतो कमी, पण चालीची किंमत मोजावी लागू शकते.

म्हणून डॉक्टरांना ‘कुठून करता’ एवढंच विचारून थांबू नका. ‘ही पद्धत तुम्ही वर्षाला किती वेळा करता’ आणि ‘माझ्या पायाची लांबी आणि खुब्याची रुंदी ऑपरेशनआधी एक्स-रेवर मोजणार का’ हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. दांडा आणि गोळा असे बसले की मांडीचं हाड आधीपेक्षा आत सरकलं, तर बाजूचा स्नायू सैल पडतो. दोर सैल सुटलेल्या तंबूसारखी कंबर मग एका बाजूला झुकते. टाका कुठेही असो, सांधा कुठल्याही कंपनीचा असो.

प्रश्न : मुलगा ३४ वर्षांचा. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. दोन्ही बाजूंना एव्हीएन. रिसरफेसिंग केलं तर माणूस नैसर्गिक चालतो, धावतोही, असं वाचलं. त्याला ते करता येईल का? (एक वाचक, नागपूर)

रिसरफेसिंगमध्ये गोळा कापून टाकत नाहीत. तो घासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि वाटीलाही धातूचं अस्तर देतात. आजच्या पद्धतीची सुरुवात बर्मिंगहॅममध्ये १९९७ साली झाली. गोळा जवळपास मूळच्याच आकाराचा राहतो, त्यामुळे सांधा निखळायची भीती फार कमी.

चालीबद्दल तुम्ही वाचलं त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. लंडनमध्ये काही मोजक्या रुग्णांना ट्रेडमिलवर चालवून पाहिलं. त्यांच्या एका बाजूला रिसरफेसिंग होतं, दुसऱ्या बाजूला नेहमीचा पूर्ण सांधा. सावकाश चालताना दोन्ही पाय सारखे. वेग वाढवला तसा रिसरफेसिंगचा पाय जास्त स्वाभाविक टेकू लागला. उलट मॉन्ट्रियलमध्ये रुग्णाला आणि मोजणाऱ्याला, दोघांनाही कुठला सांधा बसवलाय ते न सांगता तुलना केली. तिथे मोठ्या गोळ्याचा पूर्ण सांधा आणि रिसरफेसिंग यांच्या चालीत म्हणावा असा फरक सापडला नाही. म्हणजे फरक असलाच तर तो भरभर चालण्यात आणि धावण्यात आहे. रोजच्या बाजारहाटाच्या चालण्यात तो जाणवणार नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. एव्हीएन म्हणजे रक्तपुरवठा तुटून गोळ्याचं हाड मरणं. टोपी त्याच गोळ्यावर बसवायची असते. खाली मेलेलं, पोकळ झालेलं हाड असेल तर टोपी सैल होते किंवा तिच्याखाली हाडाची मान मोडते. सिकलसेलमध्ये मेलेला भाग मोठा असतो, म्हणून हा पर्याय बहुधा बाद होतो. त्यात धातूवर धातू घासला की कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटतात, काहींच्या सांध्याभोवतालचं मांस त्याने खराब होतं. असाच एक धातूवर-धातूचा सांधा २०१० साली जगभरातून परत मागवण्यात आला आणि भारतातही तो अनेकांना बसवलेला होता. लहान गोळ्यांत हा त्रास जास्त, म्हणून स्त्रियांना रिसरफेसिंग आता सहसा करत नाहीत.

या वयात सहसा सिमेंटशिवाय, म्हणजे सांधा हाडात पक्का करणाऱ्या लुकणाशिवाय बसवलेला पूर्ण सांधा घेतात; गोळा सिरॅमिकचा, वाटीचं अस्तर सिरॅमिकचं किंवा नव्या प्रकारच्या टणक प्लास्टिकचं. सिरॅमिकवर सिरॅमिक कधी कधी कुरकुरतं, जिना चढताना ऐकू येतं. चालीला त्याने बाध येत नाही, पण आवाज डॉक्टरांच्या कानावर घालावा. सिकलसेलमध्ये हाडाची पोकळी ठिकठिकाणी बुजलेली आणि टणक असते, दांडा बसवताना ती फुटू शकते. संसर्गाचाही धोका जास्त. अशा रुग्णांची ऑपरेशनं नियमित करणारं, रक्तविकारतज्ज्ञ सोबत असलेलं रुग्णालय निवडा. सांध्याच्या ब्रँडची चौकशी त्यानंतर.

प्रश्न : सासूबाई ७९ वर्षांच्या. न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ‘बायपोलर’ (अर्धा सांधा) बसवला. तीन महिने झाले तरी वॉकर सुटत नाही. शेजारच्या काकूंचा खुबा बदलला, त्या महिन्याभरात काठीवर देवळात जाऊ लागल्या. आमचं ऑपरेशन चुकलं का? (एक वाचक, रत्नागिरी)

पत्रात जे लिहिलंय त्यावरून चुकलं असं वाटत नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करताय.

काकूंचं ऑपरेशन ठरवून झालं. त्या आपल्या पायांनी दवाखान्यात गेल्या. हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब आधी तपासून झालं असणार. खुबा दुखत होता, बदलल्यावर दुखणं गेलं, त्यामुळे चाल एकदम सुधारली. सासूबाई पडायच्या दिवशी चालत्या होत्या. पडल्या, हाड मोडलं, रक्त गेलं, काही दिवस अंथरुणात गेले आणि मग भूल. या वयात आठवडाभर पडून राहिलं तरी मांडीचे स्नायू डोळ्यांना दिसतील इतके वाळतात. खुब्याचं हाड मोडलेल्या ज्येष्ठांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं पडण्याआधीसारखी चालू शकत नाहीत, जगभर हीच स्थिती आहे. वॉकर घेऊन घरात हिंडताहेत म्हणजे त्या वाईट गटात नाहीत.

राहिला प्रश्न अर्ध्या सांध्याऐवजी पूर्ण सांधा बसवला असता तर? याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. २०१९ साली दहा देशांतल्या १,४९५ रुग्णांची अशीच तुलना प्रसिद्ध झाली. सगळे पन्नाशीच्या पुढचे, सरकलेलं फ्रॅक्चर असलेले आणि पडण्याआधी स्वतः चालणारे. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे आठ टक्क्यांच्या आसपास. हालचालीचे गुण पूर्ण सांध्याकडे किंचित झुकले, पण इतके किंचित की रुग्णाला स्वतःला तो फरक जाणवेलच असं नाही. साठ-पासष्टीची, रोज तीन-चार किलोमीटर चालणारी व्यक्ती असेल तर पूर्ण सांध्याचा विचार जरूर करावा, कारण वर्षांनुवर्षं भरपूर चाललं की धातूचा गोळा मूळच्या वाटीची कूर्चा खातो आणि जांघेत दुखायला लागतं. ७९व्या वर्षी घर, अंगण आणि शेजार एवढं फिरणं असेल तर बायपोलर योग्यच.

आता करायचं काय ते. दुखतंय का, आणि कुठे, हे त्यांना विचारा. जांघेत दुखणं, पाय टेकताच मांडीत कळ किंवा पाय आखूड झाल्यासारखा दिसणं, यांपैकी काही असेल तर एक्स-रे काढून घ्या. दुखत काहीच नसेल तर वॉकर धरून ठेवतात ती भीती आणि अशक्तपणा. दिवसातून तीनदा, हात असलेल्या खुर्चीतून पाच-पाच वेळा उठणं-बसणं करून घ्या. सुरुवातीला खुर्चीवर एक उशी ठेवून उंची वाढवा, मग उशी काढा. वजन ५० किलो धरलं तर दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. वाटीभर शिजलेली डाळ, पेलाभर दूध आणि एक अंडं यांतून प्रत्येकी जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात, म्हणजे पेज आणि लोणच्यावर हा हिशोब बसणार नाही. तुमच्याकडे मासे असतातच, ते रोजच्या ताटात येऊ द्या. ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि डोळ्यांचा नंबर तपासा. हाड ठिसूळ असल्याशिवाय न्हाणीघरात पडून खुबा मोडत नाही, तेव्हा ठिसूळपणाचं औषध सुरू झालंय का तेही विचारा. ते राहून जातं आणि वर्ष-दोन वर्षांत दुसरी बाजूही मोडू शकते.

प्रश्न : पूर्ण सांधा बदलून आठ महिने झाले. दुखत अजिबात नाही, तरी लोक म्हणतात, ‘लंगडतोयस अजून.’ एक पाय लांब झाल्यासारखा वाटतो. सांधा चुकीचा बसलाय का? (एक वाचक, सोलापूर)

आधी आरशासमोर एक परीक्षा करा. घोट्यापर्यंत दिसेल असा आरसा हवा, बाजूला जड खुर्ची आणि घरातलं कुणीतरी जवळ. दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवा. मग एका हाताची दोन बोटं खुर्चीच्या पाठीवर टेकवा आणि ऑपरेशनच्या पायावर उभे राहा, दुसरा पाय गुडघ्यात वाकवून मागे उचला. ३० सेकंद मोजा. उचललेल्या पायाकडची कंबर खाली घसरली तर उभ्या पायाचा बाजूचा स्नायू कमी पडतोय. कंबर घसरत नाही पण खांदे ऑपरेशनच्या बाजूला कलंडतात, तरी अर्थ तोच. शरीर वजन खुब्याच्या वर नेऊन स्नायूचं काम वाचवतं. जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली ही खूण सांगितली आणि आजही ओपीडीत सगळ्यात आधी हीच पाहतात. काही जणांची कंबर पहिली दहा सेकंद टिकते आणि विसाव्याला घसरते. त्यांची चाल सकाळी ठीक, संध्याकाळी लंगडी असते.

याचं कारण वजनाच्या गणितात आहे. एका पायावर उभं राहिलं की शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या अंगाने खाली ओढतं आणि बाजूचा स्नायू बाहेरच्या अंगाने तोलतो. वजनाचा हात लांब, स्नायूचा आखूड. म्हणून स्नायूला दुपटीहून अधिक जोर लावावा लागतो, आणि ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर नुसत्या चालण्यात १५० ते १८० किलोचा भार येतो. ऑपरेशनच्या आधी तुम्ही दोन-तीन वर्षं दुखण्यामुळे लंगडत असाल, तर हा स्नायू तेव्हापासूनच सुकत आलाय. नवा सांधा तासा-दीड तासात बसतो. स्नायू परत यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं.

व्यायाम असा. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभे राहा. ऑपरेशनचा पाय बाजूला आणि किंचित मागे न्या, वीतभरच. पायाची बोटं समोर ठेवा. बोटं बाहेर वळली की पुढचे स्नायू काम चोरतात आणि ज्याच्यासाठी आटापिटा तो झोपलेलाच राहतो; व्यायाम करूनही फरक नाही म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची इथेच चूक असते. दहाचे तीन फेरे. आठवड्याभराने चांगल्या कुशीवर झोपून, दोन पायांत उशी ठेवून, वरचा पाय उचला. त्यानंतर जिन्याच्या खालच्या पायरीवर ऑपरेशनचा पाय ठेवून हळू चढा आणि त्याच पायाच्या जोरावर हळू खाली या. उतरताना तीन मोजा. बाजूच्या वाटेने ऑपरेशन झालं असेल तर पहिले सहा आठवडे यातलं काही करायचं नसतं, टाके सुटतात. तुमची ती मुदत उलटून गेली आहे.

पाय लांब वाटण्याबद्दल. खुबा आखडलेला असताना कंबर तिरकी झालेली असते. सांधा मोकळा झाला तरी कंबर तिरकी राहते आणि पाय लांब ‘वाटतो’. हे बहुधा तीन ते सहा महिन्यांत जातं आणि तोवर चपलेत टाच वाढवायची नसते, नाहीतर तिरकेपणा पक्का होतो. तुमचे आठ महिने झाले. आता उभ्याने दोन्ही पायांचा एक्स-रे काढून मोजून घ्या. सेंटीमीटरच्या आतला फरक बहुतेकांना चालतो. त्याहून जास्त असेल तर दुसऱ्या पायाच्या चपलेत, फरकाच्या निम्म्या उंचीपासून सुरुवात करून, टाच घाला. तीन महिने मनापासून व्यायाम करून कंबर तशीच घसरत असेल तर स्नायू हाडावरून सुटलाय का हे सोनोग्राफी किंवा एमआरआयवर पाहावं लागेल.

प्रश्न : सिमेंटचा सांधा असला तर लगेच चालता येतं आणि बिनसिमेंटचा असला तर सहा आठवडे भार टाकायचा नाही, हे खरं का? (एक वाचक, डोंबिवली)

पूर्वी असंच सांगत. सिमेंट ऑपरेशन टेबलावरच दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. बिनसिमेंटच्या दांड्याच्या खरखरीत पृष्ठभागात हाड शिरायला सहा ते बारा आठवडे लागतात. पण आजचे दांडे पाचरीसारखे इतके घट्ट बसतात की दोन्हींत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, सोसेल तेवढा पूर्ण भार टाकून उभं करतात. दांडा बसवताना हाडाला चीर गेली असेल तरच भार रोखतात, आणि ते डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं. नसलं तर विचारून लिहून घ्या.

म्हातारपणी मोडलेल्या हाडासाठी मात्र सिमेंटची बाजू वरचढ आहे. इंग्लंडमध्ये १,२२५ रुग्णांच्या तुलनेत (२०२२) सिमेंटचा अर्धा सांधा घातलेल्यांची चार महिन्यांनंतरची स्थिती थोडी चांगली होती. दांड्याभोवती हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटमध्ये ०.५ टक्के, बिनसिमेंटमध्ये २.१ टक्के. साठीच्या आत, हाड मजबूत असेल तर बिनसिमेंट घेतात. वर्षभराने चाल सारखीच.

प्रश्न : दर महिन्याला डॉक्टर विचारतात, ‘चालणं कसं आहे?’ मी ‘बरं आहे’ म्हणते. घरच्या घरी मोजता येतं का? (एक वाचक, पुणे)

येतं, आणि मोजलेलं बरं. ‘बरं आहे’ यात दुखणं गेल्याचा आनंदच जास्त असतो. दुखणं आणि चाल एकाच वेगाने सुधारत नाहीत.

पार्किंगमध्ये सपाट जागी खडूने १४ मीटरची रेघ आखा. पहिले आणि शेवटचे दोन मीटर सोडा, मधल्या दहा मीटरला मोबाइलवर वेळ लावा. नेहमीच्या वेगाने चाला. आठ सेकंद लागले तर वेग सेकंदाला सव्वा मीटर, म्हणजे निरोगी माणसासारखा. साडेबारा सेकंद लागले तर ०.८ मीटर; एवढ्यात घर-सोसायटी जमते, पण सिग्नल सुटायच्या आत कर्वे रोड ओलांडता येईलच असं नाही.

दुसरी मोजणी : साध्या खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. बारा सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका धरायचा आणि काठी सोडायची घाई करायची नाही. तिसरी : हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्टच्या स्त्रीला बारा आणि पुरुषाला चौदा जमायला हवेत. ही तिसरी मोजणी पहिले सहा आठवडे करू नका.

आकडे वहीत तारखेसह लिहा : ऑपरेशनआधीचा एक, मग सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष. सहा आठवड्यांचा आकडा ऑपरेशनआधीच्यापेक्षा वाईट आला तर घाबरू नका, तसा येऊ शकतो. तीन महिन्यांचा मागे राहिला तर विचारा. वर्षभरानेही बऱ्याच जणांचा वेग त्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षा थोडा कमी राहतो, कारण पाय मागे पुरता ताणला जात नाही आणि पाऊल आखूड पडतं. ही शेवटची कसर जांघेचा ताण काढून बरीचशी भरते. पलंगाच्या कडेशी पाठीवर झोपून चांगला गुडघा पोटाशी धरायचा आणि ऑपरेशनची मांडी गादीला टेकलेलीच ठेवायची, ३० सेकंद. समोरून ऑपरेशन झालेल्यांनी हे सर्जनला विचारूनच सुरू करावं.

प्रश्न : खुबा बदलल्यावर मांडी घालता येते का? आणि पायी वारी? (एक वाचक, बार्शी)

मांडी घालण्याबद्दल सरसकट ‘नाही’ सांगण्याची पद्धत आहे, ती आम्हाला पटत नाही. मागून ऑपरेशन झालेला सांधा निखळतो तो खुबा खूप वाकवून मांडी आत, म्हणजे दुसऱ्या पायाकडे, नेली आणि पाय आत वळवला की. मांडी घालताना मांडी बाहेर जाते आणि पायही बाहेर वळतो. धोका बसण्यात कमी, जमिनीवर जाण्यात आणि उठण्यात जास्त. खरा वैरी बैठा सोफा : गुडघे खुब्याच्या वर, पुढे वाकून टीपॉयवरचा कप उचलायचा आणि त्यात एक पाय दुसऱ्यावर. समोरून केलेल्यांचं उलट. पाय मागे नेऊन बाहेर वळवला की धोका, म्हणून त्यांनी मागे उभ्या असलेल्या व्यक्तीशी बोलताना ऑपरेशनच्या पायावर गर्रकन वळू नये. पहिले सहा आठवडे जमीन नाही, भारतीय संडास नाही, कमोडला उंची वाढवणारी बैठक. तीन महिन्यांनंतर सर्जनने एक्स-रे पाहून हो म्हटलं तर पाटावर, भिंतीशी, हाताला आधार ठेवून मांडी घालून पाहा. उकिडवं बसणं आम्ही बहुतेकांना कायमचं टाळायला सांगतो. पाठीचा कणा आखडलेला असेल तर सांधा निखळण्याचा धोका वाढतो. अशांना गोळ्यात गोळा असलेला, दुहेरी फिरणारा सांधा बसवतात. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये निघालेली युक्ती. चाल त्याने बदलत नाही, निखळणं कमी होतं.

वारीबद्दल. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. एक वर्ष झालेलं, लंगडणं नाही, दहा मीटर दहा सेकंदांच्या आत आणि सपाटीवर रोज आठ-दहा किलोमीटर चालून दुसऱ्या दिवशी सूज नाही, असं असेल तर अडवण्याचं कारण नाही. तयारी चार महिने आधी सुरू करा, आठवड्याला अंतर दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा सगळ्यात अंगावर येणारा. तो गाडीने गेलात तरी माउली रागावणार नाही. मुक्कामी जमिनीवर झोपावं लागतं, तिथून उठायची रीत आधी घरी करून पाहा : कुशीवर, मग दोन्ही हात आणि गुडघे टेकून, मग चांगला पाय पुढे. पायाला फोड आला तर दुर्लक्ष करू नका. फोडातला संसर्ग रक्तावाटे सांध्यात पोचू शकतो.

प्रश्न : सकाळी उठून पहिली चार पावलं टाकताना मांडीच्या मध्यावर कळ येते, मग जाते. बिनसिमेंटचा सांधा, पाच महिने झाले. (एक वाचक, मडगाव)

दांड्याच्या टोकाशी हाडावर ताण येतो, त्याची ही कळ. पहिल्या वर्षात बऱ्याच जणांना येते आणि हळूहळू कमी होते. दर महिन्याला कमी होतेय ना, एवढं पाहा. वाढत असेल किंवा तीन-चार वर्षं काही नसताना नव्याने सुरू झाली, तर दांडा सैल झाल्याची शंका घ्यायची आणि जुने एक्स-रे घेऊन जायचं. जुने एक्स-रे फेकू नका. दांडा दोन मिलिमीटर खाली बसलाय हे शेजारी जुना ठेवल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : काठी कुठल्या हातात? (एक वाचक, नाशिक)

ऑपरेशनच्या विरुद्ध हातात. उजवा खुबा असेल तर डाव्या. सिनेमात दुखऱ्या पायाच्या बाजूला धरतात, ते पाहून निम्मे लोक तसंच करतात आणि त्या बाजूला जास्त कलंडतात. काठी आणि ऑपरेशनचा पाय एकत्र पुढे, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. उंची : बूट घालून, हात सैल सोडून सरळ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. बाजारातली ॲल्युमिनियमची काठी बहुतेकांनी एक-दोन भोकं उंच लावलेली असते, त्यामुळे खांदा वर चढतो. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला, नवं पन्नास-शंभर रुपयांत मिळतं. पावसाळ्यात ओल्या फरशीवर झिजलेलं रबर काठी नसण्यापेक्षा वाईट.